तीच झाडं दरवर्षी लाल का पडतात? द्राक्षबागेतला व्हायरस कसा ओळखायचा आणि पुढे काय करायचं

प्रॉब्लेम साधारण असा असतो. रंगीत व्हरायटी आहे, शरद, जंबो, क्रिमसन नाहीतर वाईनची केबरने, शिराज, ऑक्टोबर छाटणी वेळेवर झाली, फुटी सारख्या निघाल्या, सेटिंग ठीक, आणि मण्यात पाणी उतरायला लागलं की ओळीतली ठराविक झाडं खालच्या पानांपासून लाल व्हायला लागतात. पानाच्या कडा खाली वळतात, शिरा मात्र हिरव्याच. शेजारच्या झाडाची साखर १८ ला गेली तरी याची १४-१५ वर अडकलेली, घडात अर्धे मणी रंगलेले अर्धे कच्चे, आणि व्यापारी आला की नेमका त्याच ओळीत हात घालतो. मग मॅग्नेशियम सोडलं जातं, पोटॅश सोडलं जातं, कोणीतरी झाडाची इम्युनिटी वाढवणारं म्हणून बाटलीतलं काहीतरी देतो, माल कसाबसा निघतो, आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग परत हिरवीगार दिसायला लागली की विषय संपला. पुढच्या जानेवारीत पुन्हा तेच, आणि तीच झाडं.

यातला "तीच झाडं" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच कोणी लिहून ठेवत नाही. खताची कमतरता असेल तर ती जमिनीच्या पट्ट्याप्रमाणे दिसते, मुरमाड कोपरा, ड्रिपची शेवटची लाईन, पाणी साचणारी जागा वगैरे, आणि खत-पाणी बदललं की तीही बदलते. व्हायरस झाडाच्या आत आहे, तो झाड सोडून जात नाही. म्हणून पहिलं काम एकच, लाल दिसतायत तेव्हाच त्या झाडांच्या बुंध्याला ऑइल पेंटचा पट्टा मारा, दरवर्षी वेगळा रंग वापरा. दोन सीझन झाले की चित्र आपोआप दिसतं. पट्टे जुन्याच झाडांवर पडतायत आणि दरवर्षी त्यांच्या डाव्या-उजव्या झाडांवर नवीन पट्टे वाढतायत, तर पुढचं सगळं वाचा. पट्टे इकडे तिकडे उड्या मारतायत तर बहुतेक दुसरंच काहीतरी आहे, आणि तेच आधी बघून घेऊ, कारण व्हायरसचं नाव घेऊन चांगली बाग तोडल्याचे प्रकारही होतात.

व्हायरससारखं दिसणारं पण व्हायरस नसलेलं

मॅग्नेशियमची कमतरता सगळ्यात जास्त फसवते. तीही जुन्या पानांवर, तीही शिरांच्या मधे, रंगीत व्हरायटीत लालसर आणि थॉम्पसन गटात (हिरव्या मण्यांच्या व्हरायटीत) पिवळी. फरक असा की मॅग्नेशियमच्या पानात रंग कडेकडून आत व्ही आकारात सरकत येतो, आणि पान खाली गुंडाळल्यासारखं होत नाही. लीफरोलचं, म्हणजे पान वळवणाऱ्या मुख्य व्हायरसचं, पान हातात धरून दाबून बघा, ते जाड आणि कडक झालेलं असतं, चुरगाळलं तर कुरकुरीत तुटतं. पोटॅश कमी असेल तर कडा करपतात, आणि खारं पाणी, क्लोराईड असेल तरी करपतातच, पण तिथे बाग सगळीकडूनच बोलते. अंदाजावर जाऊ नका, पानदेठ परीक्षण करा, पण करताना लाल झाडांचे देठ वेगळे आणि त्याच ओळीतल्या हिरव्या झाडांचे वेगळे अशा दोन पिशव्या पाठवा. सगळे एकत्र करून पाठवले तर सरासरी येणार आणि सरासरीत काहीच कळणार नाही. दोन्ही पिशव्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले तर खताचा डबा बंद करून ठेवा.

दुसरं, फक्त एकच काडी किंवा एकच ओलांडा (तारेवरची आडवी फांदी) लाल पडलाय आणि बाकी झाड हिरवं, तर आधी त्या काडीच्या मुळाशी जाऊन बघा. तार रुतलीय का, सुतळी आवळलीय का, खोडकिड्याचं भोक आणि त्याखाली भुसा आहे का, गर्डलिंगची (सालीची कडी काढल्याची) जखम भरलीच नाही का. सालीतून साखर खाली जायचा रस्ता तुटला की वरची पानं लाल होतात आणि वळतात, अगदी लीफरोलसारखी. यात आश्चर्य नाही, कारण लीफरोलचा व्हायरसही तोच रस्ता अडवतो, फक्त आतून.

तिसरं म्हणजे तणनाशक. पान पंख्यासारखं पसरट, शिरा एकमेकींना चिकटून आलेल्या, कडेचे दात लांबट टोकदार, असा फोटो आला की लोक लगेच फॅनलीफ (पान पंख्यासारखं करणारा व्हायरस) म्हणतात. शेजारच्या उसात किंवा मक्यात २,४-डी मारलं होतं का हे आधी विचारा. द्राक्ष या औषधाला इतकी नाजूक आहे की वाऱ्याबरोबर आलेला फवाराही पुरतो, एवढंच काय, तोच पंप नुसता पाण्याने धुवून बागेत वापरला तरी पुरतो. औषधाचा त्रास बांधाकडच्या ओळींना जास्त आणि आत कमी कमी होत जातो, आणि नवीन निघालेली पानं काही आठवड्यांनी सरळ येतात. व्हायरसवाल्या झाडाला असा बांध माहीत नसतो.

झिंक कमी असेल तर पानं लहान आणि घडात मोठ्या मण्यांमधे बारीक मणी, बोरॉन कमी असेल तरी बारीक मणी. फुलकिडे, लाल कोळी आणि तुडतुडे यांनी पण पानं वळतात, ते भिंग घेऊन पानाच्या खालच्या बाजूला बघितलं की पाच मिनिटात कळतं. यावर जास्त लिहीत नाही.

आता व्हायरस

द्राक्षावर आजपर्यंत ८० पेक्षा जास्त व्हायरस नोंदवले गेलेत, कुठल्याही फळझाडापेक्षा जास्त. कारण सोपं आहे, हजारो वर्षं आपण हे पीक काडीनेच वाढवत आलोय, आणि काडी म्हणजे झेरॉक्स, मूळ कागदावरचा डाग प्रत्येक कॉपीवर येणारच. बियातून रोप केलं तर बहुतेक व्हायरस गळून पडतात, काडीत तसं काही होत नाही. आपल्याकडच्या व्हरायटी बघा ना, तास-ए-गणेश काय, सोनाका काय, कोणाच्या तरी बागेत एका झाडावर वेगळा माल दिसला, त्याने काड्या घेतल्या, त्याच्याकडून गावाने घेतल्या, गावाकडून तालुक्याने. त्या पहिल्या झाडात जे काही होतं ते सगळं बरोबर फिरलं. व्हायरसच्या शास्त्रज्ञांनी नाशिक आणि पुणे भागातल्या बागांमधून लीफरोल-१ आणि लीफरोल-३ दोन्ही शोधून २०१२ च्या आसपास प्रसिद्ध केलेत, म्हणजे हा फक्त फ्रान्स-कॅलिफोर्नियाचा विषय नाही.

८० नावं पाठ करायची गरज नाही. शेतात कामाला येतात ते चार-पाच गट, आणि वर्गीकरण ही पुस्तकी कटकट वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या, व्हायरस कुठल्या कुळातला आहे हे कळलं की तो बागेत कुठून शिरला हे जवळपास कळतं. काडीतून, मिलीबगमधून (पांढऱ्या पिठ्या किडीतून) की जमिनीतून. आणि उपाय त्याच दाराला कुलूप लावायचा असतो, झाडावर फवारायचा नसतो.

सुरुवात लीफरोलपासून कारण आपल्या कामाचा मुख्य तोच. 'लीफरोल' हा एक व्हायरस नाही. १, २, ३, ४, ७ आणि १३ असे नंबर सध्या मान्य आहेत, मधले गाळलेले दिसतील. ५, ६ आणि ९ हे वेगळे नसून ४ चेच प्रकार आहेत म्हणून त्यात घातले. ८ नंबरची तर गंमत आहे, ज्या तुकड्यावरून तो नवीन व्हायरस ठरवला होता तो द्राक्षाच्या स्वतःच्या जीनोमचाच तुकडा निघाला, मग तो रद्द केला. त्यामुळे कुठल्या जुन्या रिपोर्टमधे किंवा माहितीपत्रकात लीफरोल-८ दिसला तर घाबरू नका. हे सगळे क्लोस्टेरोव्हिरिडी कुळातले, लांब लवचिक दोरीसारखे कण, आत एकच आरएनए. त्यात १, ३, ४ आणि १३ हे ॲम्पेलोव्हायरस या वंशातले, आणि ॲम्पेलोव्हायरस म्हटलं की मिलीबग आणि मऊ खवले कीड. २ नंबर क्लोस्टेरोव्हायरस वंशातला आणि ७ नंबर व्हेलारीव्हायरस वंशातला, या दोघांचा किडा अजून सापडलेला नाही, ते काडीतून आणि कलमातूनच येतात. म्हणजे रिपोर्टमधे फक्त २ आला तर मिलीबगच्या मागे लागून उपयोग नाही, काडी कुठून आणली ते आठवा. ३ आला तर दोन्ही दारं उघडी आहेत. अलीकडे या सगळ्यांना झाडांसारखी दोन शब्दांची लॅटिन नावं दिलीत, लीफरोल-३ झाला ॲम्पेलोव्हायरस ट्रायव्हायटिस, रिपोर्टमधे असं काही दिसलं तर नवीन रोग समजू नका.

लीफरोल-३ चा आरएनए साधारण १८,५०० अक्षरांचा, वनस्पतींच्या आरएनए व्हायरसमधे हा सगळ्यात मोठ्यांपैकी एक समजतात. तो राहतो फक्त फ्लोएममधे, म्हणजे पानात तयार झालेली साखर घडाकडे आणि मुळाकडे नेणाऱ्या नळ्यांमधे. तिथे गर्दी झाली की साखर पानातच तुंबते, स्टार्च साठतो, म्हणून पान जाड कडक होतं, आणि घड वाट बघत बसतो. तुंबलेल्या साखरेमुळे रंगीत व्हरायटीच्या पानात अँथोसायनिन तयार होतं, तोच आपल्याला दिसणारा लाल रंग. आणि थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन यांच्यात हा रंग बनवायची जनुकंच बंद पडलेली आहेत (म्हणून तर मणी हिरवे), त्यामुळे पान लाल होऊच शकत नाही. थोडं पिवळट, थोडं वळलेलं, बस. कोणी म्हणणार पाणी कमी पडलं, कोणी म्हणणार माल जास्त ठेवला. महाराष्ट्रात बहुतेक क्षेत्र याच गटाचं, म्हणजे व्हायरस शांतपणे बसायला यापेक्षा चांगली जागा नाही. डॉगरीज, ११० आर सारखे खुंट (ज्यावर कलम करतात ती खालची मुळाची झाडं) तर त्याहून शांत, आत व्हायरस असला तरी पानावर काहीच दाखवत नाहीत.

इथेच तो नेहमीचा प्रकार घडतो. थॉम्पसनची जुनी बाग, साखरेला थोडी मागे पण चालतेय, मालक ठरवतो की रंगीत करू, बुंधा कापून वर क्रिमसनचं कलम करतो, आणि पहिल्या-दुसऱ्या मालालाच बाग लालभडक. मग नर्सरीवाल्याशी भांडण. "काडी खराब दिलीस." काडी खराब असूही शकते, पण व्हायरस खालच्या बुंध्यात आधीपासून असण्याची शक्यता तेवढीच आहे, आणि वरची रंगीत व्हरायटी फक्त तो दाखवून देतेय. जर्मनीत शॉय यांनी १९३५ मधे दाखवून दिलं की लीफरोल कलमातून पसरतो, आणि कलमातून म्हणजे दोन्ही दिशांनी, खालून वर आणि वरून खाली.

आता मिलीबग. यांची पिल्लं, पायावर चालणारी ती केशरी-पिवळी टिंबं, सगळ्यात धोकादायक, कारण तीच फिरतात. पंख नाहीत पण वारा आहे, मजुरांचे कपडे आहेत, क्रेट आहेत, आणि मुंग्या आहेत. रोगट झाडावर तासाभर रस शोषला की व्हायरस तोंडाच्या पुढच्या भागात चिकटतो, आणि दुसऱ्या झाडावर पोचवायलाही तासभर पुरतो. पण तो किड्याच्या शरीरात वाढत नाही, काही दिवसात निघून जातो, कात टाकली की जातो, अंड्यात उतरत नाही. याचा अर्थ असा की मिलीबग स्वतः व्हायरसचं कायमचं घर नाही, घर म्हणजे तुमचं रोगट झाड. झाड तसंच ठेवून फक्त मिलीबग मारत बसलं तर दरवर्षी नवीन पिल्लं तिथूनच व्हायरस उचलणार. आपल्याकडे बागेत गुलाबी मिलीबग सगळ्यात जास्त असतो, लिंबूवर्गीय मिलीबग पण असतो आणि तो लीफरोल-३ चा सिद्ध झालेला वाहक आहे. शेतात उभं राहून दोघांत फरक करत बसू नका, व्हायरसच्या बागेत प्रत्येक मिलीबग वाहक समजायचा.

मिलीबगबरोबर आणखी एक गट प्रवास करतो, व्हिटीव्हायरस, द्राक्षाचा ए आणि द्राक्षाचा बी वगैरे. हे बीटाफ्लेक्सिव्हिरिडी कुळातले, आणि लीफरोलसोबत एकाच झाडात सापडणं नेहमीचंच. यांचा आजार पानावर नाही, लाकडावर दिसतो, रुगोज वुड म्हणतात. झाड का खंगतंय ते कळत नाही, वसंतातली फूट उशिरा, जोडाच्या वर बुंधा फुगलेला. कलमाच्या जोडावर जाडीत थोडा फरक असतोच, तेवढ्यावर जाऊ नका, जोडाच्या वर आणि खाली सालीचा दोन बोटं रुंद तुकडा सुरीने सोला. निरोगी लाकूड गुळगुळीत ओलसर. रोगट असेल तर लाकडात उभे चरे किंवा बारीक खड्डे, आणि सोललेल्या सालीच्या आतल्या बाजूला बरोब्बर त्यांच्या जागी उंचवटे, साल परत ठेवली तर खाचेत बसते. एकदा हे बघितलं की विसरत नाही. रुगोज वुडमधेच रुपेस्ट्रिस स्टेम पिटिंगचा व्हायरस पण मोजतात, तो जगभर जवळजवळ सगळीकडे सापडतो, त्याचा किडा सापडलेला नाही, आणि रिपोर्टमधे फक्त तो एकटा आला तर माझं मत आहे की बाग हलवू नका.

तिसरा गट फॅनलीफ, आणि याचं जग वेगळं. नेपोव्हायरस, गोल कण, ३० नॅनोमीटरच्या आसपास, आरएनए दोन तुकड्यात. याला ना मिलीबग लागतो ना खवले कीड, तो जमिनीतल्या झिफिनेमा इंडेक्स नावाच्या सूत्रकृमीतून जातो. ही सूत्रकृमी साधारण ३ मिलीमीटर लांब, मुळाच्या टोकात लांब सुई घालून रस पिते. १९५८ मधे कॅलिफोर्नियात ह्युइट, रस्की आणि गोहीन यांनी हे दाखवलं, आणि वनस्पतीचा व्हायरस सूत्रकृमीतून जातो हे जगात पहिल्यांदाच तेव्हा सिद्ध झालं. याची खूण म्हणजे पंख्यासारखं पान, पेरं आखूड, काडी नागमोडी, एकाच जागी दोन डोळे, कधी पानावर भडक पिवळे चट्टे, आणि सेटिंग इतकं वाईट की घडात मोजके मणी. बागेत तो गोल गोल डाग वाढत जावा तसा पसरतो, पण हळू, कारण सूत्रकृमी वर्षाला थोडंच अंतर सरकते. त्रास असा की बाग काढली तरी जुनी मुळं जमिनीत काही वर्षं जिवंत राहतात, सूत्रकृमी त्यावर जगते, आणि उपाशी राहिली तरी व्हायरस वर्षानुवर्षं धरून ठेवते. म्हणून अशा जागी दहा वर्षांपर्यंत पडीक ठेवा असा सल्ला देतात, जो आपल्याकडे दीड एकरवाल्याला ऐकवणं म्हणजे चेष्टाच आहे. कॅलिफोर्नियात ओ३९-१६ नावाचा खुंट अशा जमिनींसाठी वापरतात, त्यात व्हायरस येतो पण माल बऱ्यापैकी येतो.

रेड ब्लॉच नावाच्या व्हायरसबद्दल पण विचारतात. हा कॅलिफोर्नियातल्या नापा भागात २००८ मधे लक्षात आला आणि नंतर तीन-चार वर्षांत ओळखला गेला, आणि तो आरएनए नाही, डीएनए व्हायरस आहे, जेमिनीव्हिरिडी कुळातला, म्हणजे आपल्या टोमॅटोच्या लीफकर्लचा लांबचा नातेवाईक. लीफरोलशी हमखास गल्लत होते. यात पान वळत नाही, लाल डाग कुठेही पडतात, आणि शिरा हिरव्या न राहता गुलाबी-लाल होतात, पान उलटं करून खालच्या बाजूच्या शिरा बघायच्या. याला मिलीबग नेत नाही, तिकडे एक त्रिकोणी पाठीचा तुडतुड्यासारखा किडा नेतो. परदेशातून व्हरायटी आणणाऱ्यांनी टेस्टच्या यादीत हे नाव आहे का ते बघून घ्यावं.

आणि व्हायरॉइड. व्हायरसपेक्षाही लहान, नुसता तीन-चारशे अक्षरांचा आरएनएचा गोल, वर कवच पण नाही. बहुतेक वेळा काही दिसत नाही, कधी पानावर पिवळे ठिपके. लक्षात ठेवायचं एवढंच की हे कात्रीने पसरतात. उलट लीफरोल कात्रीने पसरतो असं कुठेही दिसलेलं नाही. छाटणीला प्रत्येक झाडानंतर कात्री जंतुनाशकात बुडवता, चांगलंय, व्हायरॉइड आणि क्राउन गॉलसाठी (बुंध्यावर गाठी आणणारा जिवाणूचा रोग) उपयोगच होतो, पण लीफरोल थांबवला म्हणून निर्धास्त होऊ नका.

टेस्ट कशी करायची

लॅबला आधी फोन करून विचारा की द्राक्षाची व्हायरस टेस्ट करता का, कुठल्या व्हायरसची, एलायझा की आरटी-पीसीआर. एलायझा (व्हायरसचं प्रथिन ओळखणारी टेस्ट) स्वस्त, पण व्हायरस कमी असेल तर चुकतो. पीसीआर (व्हायरसचा आरएनए शोधणारी टेस्ट) तीक्ष्ण, पण द्राक्षाच्या पानात फिनॉल आणि चिकट साखरा इतक्या असतात की सराव नसलेल्या लॅबला निगेटिव्ह येणं सोपं जातं. म्हणून माहीत असलेलं एक रोगट झाड आणि एक नक्की चांगलं झाड, दोन्हीचे नमुने पाठवा, आणि रोगटाचा रिपोर्टही निगेटिव्ह आला तर सगळा रिपोर्ट बाजूला ठेवा.

नमुना कधी आणि कुठून, यात बहुतेक चूक होते. लीफरोल झाडात सारखा पसरलेला नसतो, आणि फ्लोएममधे असल्यामुळे कोवळ्या शेंड्यात मिळत नाही. माल पिकायच्या वेळेला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, खालची जुनी पानं देठासकट घ्या, झाडाच्या चार बाजूंच्या वेगवेगळ्या काड्यांवरून. किंवा छाटणीच्या वेळी पक्व काडीचे बुडाकडचे पेन्सिलएवढे तुकडे, लॅबमधे वरची साल काढून आतलं हिरवं खरवडून टेस्ट होते. फॅनलीफचं बरोबर उलटं, तो कोवळ्या फुटीत मिळतो आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत कमी होतो. एकाच वेळी घेतलेल्या एकाच पानातून दोन्ही नक्की कळतील अशी अपेक्षा ठेवू नका. पिशवीत किंचित ओला कागद, बर्फाचा डबा, फ्रीझरमधे नाही, आणि दोन दिवसांच्या आत पोच.

पॉझिटिव्ह आला. मग?

औषध नाही. उभ्या झाडातला व्हायरस काढणारं एकही औषध जगात नाही, कोणी विकत असेल तर बाटलीवर नक्की काय लिहिलंय ते वाचा, 'व्हायरस बरा होतो' असं तो छापील लिहून देणार नाही. व्हायरस काढता येतो तो लॅबमधे, ३७-३८ डिग्रीला झाड वाढवून किंवा अर्ध्या मिलीमीटरपेक्षा छोटा शेंडा टिश्यू कल्चरमधे वाढवून, आणि त्यातून एक स्वच्छ मातृवृक्ष मिळतो. तुमच्या बागेतली झाडं नाहीत.

बागेत लागण थोडी असेल, पाव हिश्शापेक्षा कमी, तर ती झाडं काढून नवीन लावणं परवडतं, त्याच्या पुढे गेली असेल तर तुकडा तुकडा न करता सगळीच बदलण्याचा विचार करावा, अमेरिकेतल्या लीफरोलच्या हिशोबांतून साधारण हीच रेघ येते. झाड काढताना मुळांसकट काढायचं. नुसता बुंधा कापून सोडलात तर खाली जिवंत राहिलेल्या मुळांत व्हायरस काही वर्षं टिकतो, आणि मिलीबग जमिनीत मुळांवरही राहतो. दक्षिण आफ्रिकेत व्हेरगेलेगन नावाच्या इस्टेटीत २००२ ला पूर्ण लागण झालेल्या बागा होत्या, त्यांनी सगळं एकत्र केलं, जुनी बाग काढली, मुळं मारली, जमीन मोकळी ठेवली, टेस्ट केलेली रोपं लावली, मिलीबग आणि मुंग्या दाबून ठेवल्या, आणि दरवर्षी लाल दिसलेलं प्रत्येक झाड त्याच वर्षी उपटलं. २०१२ पर्यंत लागण एक टक्क्याच्याही खूप खाली आली. यातली एखादीच गोष्ट करून असं होत नाही, आपल्याकडे लोक मिलीबगचं ड्रेंचिंग करतात (मुळाशी औषध सोडतात) आणि लाल झाड "या वर्षीचा माल निघू दे" म्हणून ठेवतात.

पांढऱ्या व्हरायटीत लाल दिसणारच नाही, तिथे डोळ्यावर विसंबून चालणार नाही, टेस्टच करावी लागते, निदान ज्या झाडांवरून काड्या घेणार त्यांची.

मिलीबगसाठी नेहमीचंच, पण नीट. एप्रिल छाटणीनंतर बुंधा आणि ओलांड्यांवरची सुटलेली साल काढून गोळा करून बागेबाहेर जाळा, तिथेच खाली टाकू नका. मुंग्यांची वारुळं बघा, मुंग्या मिलीबगला परजीवी माश्यांपासून वाचवतात, मुंग्या थांबल्या की निम्मं काम मित्रकीटक करतात. आणि एक बघाच, मिलीबगच्या घोळक्यात त्याच्यासारखीच पांढरी, पण मोठी, लांब झुबकेदार आणि भराभर चालणारी अळी दिसली तर ती क्रिप्टोलेमस भुंग्याची अळी आहे, ती मिलीबग खाते, तिला "केवढा मोठा मिलीबग" म्हणून चिरडू नका. फवारणी कुठली ते एक्सपोर्टचा माल असेल तर पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू यादी आणि काढणीपूर्व दिवस बघूनच.

काडीचं सांगतो. ऑगस्ट-सप्टेंबरमधे डॉगरीजवर कलम करायची घाई असते आणि काडी ज्याच्याकडे माल चांगला दिसला त्याच्याकडून येते. पांढऱ्या व्हरायटीत माल चांगला दिसणं ही व्हायरस नसल्याची खूण नाही. त्यामुळे काडी जानेवारीत ठरवा, सप्टेंबरमधे नाही, पिकायच्या वेळी ती बाग स्वतः फिरून बघा, जी झाडं निवडाल त्यांची टेस्ट तेव्हाच करून घ्या, आणि पेंट मारून ठेवा म्हणजे काड्या कापणारा पोरगा बाजूचं झाड कापणार नाही. खुंटाचीही टेस्ट करा, डॉगरीजची काडीसुद्धा कुठल्या तरी बागेतूनच आलेली असते आणि पानावर ती काही बोलत नाही.

जुन्या बुंध्यावर व्हरायटी बदलायची असेल तर आधी त्या बुंध्याची टेस्ट, मगच कलम, या क्रमात बदल नको. वाईनवाल्यांना अजून एक, खुंट ११०३ पॉल्सन किंवा ५ बीबी असेल आणि वरच्या काडीत लीफरोल-२ असेल तर काही खुंटांना त्याचा एक प्रकार सहनच होत नाही, जोडावर सूज येते, वरची पानं अवेळी लाल पडतात आणि झाड थोड्याच दिवसात वाळतं. असं दिसलं तर पाणी-खत बघत बसू नका, त्याच काडीतून केलेली बाकीची कलमं कुठे कुठे लावलीत त्याची यादी काढा आणि ती सगळी तपासा.